कप कोरडा? आधी सम्पची पातळी पहा

भाऊ, समुद्री माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला स्किमर (फेस करून पाण्यातली घाण वरच्या कपात काढणारं यंत्र) लावून चार दिवस झाले तरी कप कोरडाच, असं लिहिलंत. आठ-दहा दिवस तरी थांबा. नव्या प्लास्टिकवरचा तेलकटपणा गेल्याशिवाय फेस वर चढत नाही. आमच्याकडे यवतमाळच्या उन्हात सम्पचं (टाकीखालच्या, स्किमर ठेवायच्या छोट्या टाकीचं) पाणी रोज बोटभर उतरते, अन् पातळी उतरली की फेसही खाली बसतो. भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याचीच, नाहीतर खारटपणा वाढतो. माझा स्किमर एकदा अचानक मंदावला; पाहतो तर हवेच्या नळीच्या तोंडाशी मिठाचा पांढरा खडा! कोमट पाण्यात धरला अन् विरघळला. लाइन गेली की टाकीतलं पाणी सम्पमध्ये उतरते, म्हणून लाइन आल्यावर स्किमर दहा मिनिटांनी चालू करा. नाहीतर चढलेल्या पातळीनं फेस उसळून कप ओसंडतो अन् सगळा काळा गाळ परत पाण्यात जातो.