मदत हवी आहे: मेंदूच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या जोडीदारांना हे प्रश्न मराठीत कसे विचारावेत?

नमस्कार मंडळी. मी मुंबईत मानसशास्त्रात एम.ए. करते आहे. मेंदूचा कॅन्सर झालेल्या नवऱ्याची किंवा बायकोची शुश्रूषा करणाऱ्यांचं वैवाहिक समायोजन, म्हणजे नवरा-बायकोचं एकमेकांशी किती जुळतं ते, मोजायचं, हा माझा प्रबंध.

त्यासाठी स्पॅनिअर या संशोधकांची १९७६ची डायडिक अ‍ॅडजस्टमेंट स्केल ही जोडप्यांच्या नात्याबद्दलची प्रश्नावली घेतली आहे. ३२ प्रश्न, गुण ० ते १५१. तुम्ही दोघं मिळून किती वेळा हसता, शांतपणे बोलता का, असे त्यात प्रश्न आहेत. परवा परळला एका ताईंना हेच विचारलं. नवऱ्याची गाठ कपाळामागच्या भागात, त्यामुळे स्वभावच पालटलेला. डब्याचं झाकण लावता लावता त्या म्हणाल्या, "भांडायला समोर माणूस तर तोच हवा ना?" मला पुढचा प्रश्न विचारवेना.

आता अशा घरात गुण कमी आले, तर ते नात्यामुळे की आजारामुळे? मला वाटतं, आजारापूर्वीचं आणि आत्ताचं असं वेगवेगळं विचारायला हवं. कुणी असं केलं आहे का?

या प्रश्नावलीचं तपासलेलं मराठी भाषांतर कुणाकडे असेल तर कृपया सांगा. रेडिएशनच्या रांगेत बसलेल्यांना ३२ प्रश्न फार होतात. १४ प्रश्नांची सुधारित आवृत्ती चालेल का? आणि शरीरसंबंधांचा प्रश्न, शेजारी सासूबाई बसलेल्या असताना, कोणत्या शब्दांत विचारता? वॉर्डात काम केलेल्या समाजसेविका, नर्स ताई, प्लीज लिहा. पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं आहे.