सांगलीत आईस हॉकी? आधी वीजबिल बघा

बेदाणेवाला:
भाचा विश्रामबागेत रोलर स्केटिंगला जातो. परवा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "मामा, मला आईस हॉकी खेळायचीय." २०२५ मध्ये यूएईतल्या अल ऐनच्या आशिया चषकात आपल्या मुलींनी कांस्य आणलं, ते मोबाईलवर बघितलेलं. क्लासमधल्या पालकांनीही "सांगलीत रिंक (बर्फाचं बंदिस्त मैदान) पाहिजे" सुरू केलंय.

माझं मत: जिथं बर्फ पडत नाही तिथं हा खेळ रुजवणं म्हणजे वीजबिल रुजवणं. बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये मी बारा वर्षं काढलीत. आमच्या खोल्या नुसत्या चार-पाच अंशांवर ठेवायच्या, तरी एप्रिलात दार दोन मिनिटं उघडं राहिलं की कॉम्प्रेसरचा सूर बदलतो आणि मालक केबिनमधून बाहेर येतात. रिंकला बर्फ उणे पाचच्या आसपास लागतो, तोही ६० बाय ३० मीटरवर. बास्केटबॉलची चार मैदानं बसून जागा उरेल! देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी रिंक बांधली. स्पर्धा संपली, पाहुणे गेले, आणि खर्च झेपेना म्हणून ती वर्षानुवर्षं कुलपात. २०२५ ला पुन्हा उघडली.

माजी_फौजी_कोरेगाव:
साफ असहमत. लेहला दोन हिवाळे काढलेत मी. पोरं रात्री तळ्यावर बादल्यांनी पाणी ओतायची, सकाळी काच! त्या कांस्यवाल्या मुलींचा संघ असल्याच बर्फावर घडला. २०१६ ला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला, २०१७ ला फिलिपिन्सला ४-३ ने हरवलं. रिंकची वाट बघत बसल्या असत्या तर? आपल्या गोळेश्वरचे खाशाबा १९५२ ला हेलसिंकीला गेले तेव्हा कुठली मॅट होती गावात?

बेदाणेवाला:
दादा, मॅट नव्हती, पण तांबडी माती होती. तालीम गावोगाव होती. लडाखला तळं आहे. आपल्या कृष्णेचं पाणी गोठतंय होय?

मिरजेची_मावशी:
ज्या फिलिपिन्सला हरवलं, तिथं तरी कुठं बर्फ पडतो? मनिलाच्या मॉलमधल्या रिंकवर पोरं शिकली. खेळ आधी मॉलमध्ये येतो, मग मैदानात. आपण उगाच लडाखचं तळं नाहीतर काहीच नाही असं धरून बसतो.

बेदाणेवाला:
मॉल चालतो तिकीट काढून घसरणाऱ्या पब्लिकवर. हॉकीवाल्यांना मिळणार रात्री अकराची वेळ. आणि जमैकाचं उदाहरण कोणी द्यायच्या आधी मीच देतो: देशात एक रिंक नाही, तरी २०१९ ला फ्लोरिडात लॅटिन अमेरिकन चषक जिंकला. खेळाडू कुठले? बहुतेक कॅनडा-अमेरिकेत वाढलेले. ही आयात झाली, वाढ नव्हे.

फलटणकर:
मला भीती वेगळीच वाटते. साधी हॉकी गवतावर होती तोवर आपण राज्य केलं. १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये ऑलिंपिकची हॉकी टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर गेली आणि आपण सातवे. खेळ महागड्या पृष्ठभागावर गेला की गरिबाचं पोर आधी बाहेर पडतं. आमच्या आसूची वैष्णवी फाळके भारताकडून खेळते. तिच्या मागून येणाऱ्या पोरींना आधी टर्फ द्या, मग बर्फ.

माजी_फौजी_कोरेगाव:
टर्फ द्याच. पण एकाला दिलं म्हणून दुसऱ्याचं दार का बंद करायचं? पोराला इनलाईन हॉकी खेळू दे. फरशीवर, चाकांवर. स्टिक धरणं, पास, पायांचा तोल, बरंचसं तिथंच येतं. बर्फावर नंतर महिनाभर नेला तरी पुरे.

मिरजेची_मावशी:
बेदाणेवाले, एक विचारू? डिसेंबरात तुमच्या बऱ्याच खोल्या रिकाम्या असतात ना? एकीत बर्फ करा की!

बेदाणेवाला:
हसू नका, आमच्या ऑपरेटरनं हेच विचारलेलं. अडचण खालून आहे मावशी. फरशी शून्याखाली राहिली की खालची ओली जमीन गोठून फुगते आणि काँक्रीट तडकतं. म्हणून रिंकमध्ये गार पाईपांखाली इन्सुलेशन, आणि त्याच्याही खाली जमीन ऊबदार ठेवायला पुन्हा पाईप. आमच्या खोलीत यातलं काही नाही.

भाचा शेजारी बसून वाचतोय. विचारतोय, खोली किती बाय किती आहे.