ओबीडीत खोचायची मायलेजची डबी: खरंच काही होतं का?

घोडबंदरकर:
आमच्या कासारवडवलीच्या सोसायटीत सध्या एका डबीची साथ आली आहे. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टात, म्हणजे मेकॅनिक गाडीतला दोष तपासायला यंत्र जोडतो त्या सॉकेटात, खोचायची, हिरवा दिवा लुकलुकतो, दीडएकशे किलोमीटरमध्ये ती म्हणे "तुमचं ड्रायव्हिंग शिकते" आणि मग मायलेज १५ ते ३५ टक्के वाढतं. ऑनलाइन पाचशेच्या आत मिळते.

माझं मत: त्या डबीत दिव्याशिवाय कामाचं काहीही नाही. ओबीडी पोर्टाला १६ पिना असतात. १६ नंबरवर बॅटरीचा सप्लाय, ४ आणि ५ वर अर्थिंग, ६ आणि १४ वर कॅन, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर आपसात बोलतात ती लाइन. ईसीयूशी, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरशी, बोलायचं तर डबीत कॅनची वेगळी चिप लागते. अनेकांनी अशा डब्या खोलून पाहिल्यात. आत एक स्वस्त कंट्रोलर, चार-दोन रेझिस्टर आणि दिवे. आणि समजा ती चिप असती, तरी इंधनाचा मॅप, म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं त्याचं कोष्टक, बदलायची पद्धत प्रत्येक कंपनीची, बऱ्याचदा प्रत्येक मॉडेलची वेगळी. अल्टोपासून इनोव्हापर्यंत सगळ्यांना चालणारी एकच डबी कशी असेल?

दुसरं म्हणजे, २०१७ पासून आपल्याकडे कार कंपन्यांना कॅफेची, म्हणजे सरासरी इंधन वापराची मर्यादा आहे. २०२२-२३ पासून ती किलोमीटरला ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडवर आणली. एकेका ग्रॅमसाठी कंपन्या गाडीचं वजन उतरवतात, टायर बदलतात. पाचशे रुपयांत ३५ टक्के मिळत असते तर ही डबी कारखान्यातूनच बसून आली असती.

पामबीच_प्रवासी:
पिनांचं गणित ठीक आहे साहेब, पण गाडी माझी आहे आणि पेट्रोलचे पैसेही माझ्याच खिशातून जातात. नेरूळ ते ठाणे रोजचं जाणं-येणं, साधी पेट्रोल वॅगनआर. आधी १५ च्या आसपास मिळायचं, डबी लावल्यापासून १७ च्या वर आहे. आत काय आहे ते मला काय करायचंय? गोळीने ताप उतरला की पुरे, तिच्या पाकिटामागचं बारीक अक्षर वाचत कोण बसतं?

कळवा_गॅरेज:
मोजलं कसं? डॅशबोर्डवर बघून की टाकी फुल करून?

पामबीच_प्रवासी:
टाकी फुल करूनच. इतका अडाणी नाही.

कळवा_गॅरेज:
मग ऐका दादा. एका पंपावर नोझल लवकर कट होतं, दुसऱ्यावर उशिरा, आणि वरून पोरगा राउंड फिगर करायला अजून दाबतो. टाकीत एक-दीड लिटर इकडेतिकडे सहज होतं. २५ लिटर भरलं तर दीड लिटर म्हणजे ६ टक्के. तुमचे १५ चे १६ पंपावरच झाले.

उरलेलं उजव्या पायाने केलं. नवीन वस्तू लावली की माणूस तिची परीक्षा घेत चालवतो. सिग्नल लांबून लाल दिसला की आपोआप पाय सोडतो. आणि इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना पाय सोडला की ईसीयू इंजेक्टर बंदच करतो, उतारावर गाडी फुकट चालते. गिऱ्हाईक येऊन मला सांगतं डबीने शिकून घेतलं. शिकलं गिऱ्हाईकच.

एक विचारू? डबी कधी लावली? आणि ऐरोली पुलावरून जाता का?

पामबीच_प्रवासी:
हो, पुलावरूनच, मुलुंडमार्गे. डबी २०२४ च्या दिवाळीत घेतली. का?

कळवा_गॅरेज:
कारण मुंबईच्या पाच नाक्यांवरचा हलक्या गाड्यांचा टोल त्याच ऑक्टोबरमध्ये माफ झाला. ऐरोलीचा त्यात होता. टोलच्या रांगेत पहिल्या गिअरवर सरकणं गेलं की मायलेज वाढणारच.

पामबीच_प्रवासी:
योगायोग. रांगा अजूनही लागतातच.

खारघरकाका:
पोरांनो, सरसकट थोतांड म्हणू नका. पद्मिनीच्या काळात आमचा मेकॅनिक कार्ब्युरेटरला बारीक जेट, म्हणजे पेट्रोल यायचं लहान भोक, टाकून द्यायचा आणि लिटरमागे किलोमीटर-दोन किलोमीटर जास्त मिळायचे. हे ऐकीव नाही, वापरलेलं सांगतोय. पेट्रोलच्या पाइपला चुंबक बांधणारेही होते. तेव्हा अशा युक्त्या चालत होत्या, मग आताच काय झालं?

घोडबंदरकर:
काका, जेटचं तुमचं अगदी खरं. कार्ब्युरेटरला मिश्रण नेमकं ठेवता यायचं नाही, गाड्या गरजेपेक्षा रिच, म्हणजे जास्त पेट्रोलवर, चालायच्या, म्हणून वाचवायला जागा होती. पिकअप जायचा, इंजिन तापायचं, व्हॉल्व्ह जळायचे, ते बिल नंतर यायचं.

आता एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर आहे. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा, यापासून मिश्रण जरा हललं की ईसीयू ते परत जागेवर आणतो. तुम्ही एअर फिल्टरपुढे पंखा लावा, भोवरा करा, तो हवा मोजून त्याच हिशेबात पेट्रोल सोडतो. चुंबकाला तर पेट्रोल दादच देत नाही. विकणारे म्हणतात रेणू सुटे होतात आणि पेट्रोल पूर्ण जळतं. पण राहतंय कुठे जळायचं? ठीकठाक इंजिनात ९७-९८ टक्के पेट्रोल तसंही जळतं. नासाडी होते ती उष्णतेत. पेट्रोलमधली जेमतेम पाव ते एक तृतीयांश ऊर्जा इंजिनाच्या कामी येते, बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून जाते. ती पाइपवरच्या चुंबकाने परत येत नाही.

तुर्भे_टेम्पो:
मग हायड्रोजन किटचं बोला. मार्केटला माल टाकणाऱ्या आमच्यातल्या काहींनी डिझेल टेम्पोला बसवलंय. पाण्यातून बुडबुडे येतात, डोळ्यांनी दिसतात. तिथे तर नुसता दिवा नाही ना?

कळवा_गॅरेज:
गॅस निघतो, नाही म्हणत नाही. त्याला वीज अल्टरनेटर देतो, आणि अल्टरनेटर इंजिनाच्या बेल्टवर फिरतो. म्हणजे डिझेल जाळून वीज, विजेने पाणी फोडून गॅस, तो गॅस परत इंजिनात. दर टप्प्याला थोडं गळतं, शेवटी हातात घातलं त्याहून कमीच येतं. आणि गाडीने पेट घेतलाच तर बाहेरून बसवलेलं हे किट बघून इन्शुरन्सवाला काय म्हणेल, ते आधी विचारून ठेव भाऊ.

घोडबंदरकर:
अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने, १९७० च्या दशकापासून अशी शंभरावर उपकरणं तपासली. बहुतेकांनी काडीचा फरक पडला नाही. मोजक्यांनी किंचित वाढ दिली, त्यातही काहींनी धूर बिघडवला.

ऐरोलीताई:
म्हणजे मोजक्यांनी दिली ना! ते वाक्य तुम्ही घाईत उरकलंत. आणि ती तपासणी अमेरिकेतली. माजिवड्याच्या पुलाखाली मेट्रोच्या पत्र्यांमध्ये पाऊण तास अडकलेली गाडी त्यांनी तपासली होती का?

अजून एक. लोक या डब्या का घेतात, यावर कुणीच बोलत नाहीये. आमची जुनी गाडी ई-२० च्या, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या, आधीची. नीती आयोगाचा २०२१ चा अहवालच सांगतो की ई-१० साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकीचं मायलेज ई-२० वर ६-७ टक्के उतरतं. लिटर शंभरच्या वर, त्यात साधं पेट्रोल भरायचा पर्याय पंपावर नाही. अशा वेळी कुणी पाचशे रुपये लावून बघितले तर त्याला सोसायटीत वेड्यात काढायची गरज नाही.

घोडबंदरकर:
वेड्यात काढत नाही ताई, पण माझा रोख तुम्हाला तसा वाटला असेल तर विकणाऱ्यांकडे वळवतो. ई-२० चा मुद्दा मान्य. फक्त त्याचं कारणही बघा: लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जी ऊर्जा टाकीत आलीच नाही, ती डबी कुठून काढणार?

माजिवड्याचं म्हणाल तर तिथे अमेरिका-भारत असा फरक राहतच नाही. गाडी उभी, इंजिन चालू, एसी चालू, तासाला लिटरभर सहज जातं आणि अंतर शून्य. तिथे चालणारं खरं गॅजेट एकच, इंजिन बंद करणारं स्टार्ट-स्टॉप. तेही लोक एसी जातो म्हणून बटण दाबून बंद करतात.

ऐरोलीताई:
मे महिन्यात तुम्ही बसा एसीशिवाय, मग बोलू.

घणसोली_रात्रपाळी:
पीसीआरए, म्हणजे इंधन वाचवा सांगणारी सरकारी संस्था, ४५ ते ५५ च्या वेगाने चालवायला सांगते. घोडबंदर रोडवर ४५ चा वेग कुणाला दिसला तर मला उठवा.

गॅजेटच घ्यायचं तर ब्लूटूथचं स्कॅनर घ्या. तेही ओबीडीतच बसतं, पण खरा डेटा मोबाइलवर दाखवतं. मायलेज वाढवत नाही, फक्त पाय जड पडला की आकडा पडताना दिसतो.

पामबीच_प्रवासी:
म्हणजे माझे १७ तुम्ही सगळ्यांनी मिळून पंप, पाय आणि टोल यांच्यात वाटून टाकलेत. डबीला काहीच ठेवलं नाहीत. मी काही ती काढणार नाही.

कळवा_गॅरेज:
काढू नका. उलट अजून एक घ्या, पैसे मी देतो. तिच्या आतलं काढून फक्त दिव्याला सप्लाय ठेवतो. दोन्ही दिसायला सारख्या. कुठली खरी ते तुम्हाला कळता कामा नये. दर टाकीला कुणीतरी तिसरा माणूस मनाला येईल ती लावेल आणि वहीत लिहून ठेवेल. पंप एक, नोझल एक, पहिल्या कटला थांबायचं.

पामबीच_प्रवासी:
तिसरा माणूस कोण? घरी बायको आहे, पण ती पहिल्यापासून तुमच्या बाजूची आहे.

खारघरकाका:
माझ्याकडे द्या. मी कुणाच्याच बाजूचा नाही, मला अजून चुंबकाचं पटलेलं नाही. पण टाकीमागून टाकी खारघरला यावं लागेल.

पामबीच_प्रवासी:
काका, नेरूळहून खारघरला येण्या-जाण्यात जे पेट्रोल जाईल त्याचं काय?

खारघरकाका:
ते वहीत वेगळं लिहू. मात्र पाऊस संपल्यावर सुरू करा, एकदा काच धुके धरते म्हणून एसी आणि एकदा नाही, असं चालणार नाही.

कळवा_गॅरेज:
आणि सुरू करायच्या आधी टायरची हवा सारखी करून घ्या. पंपावर फुकट असते. ती कमी असताना चाचणी केली तर कुठली डबी जिंकली यावर परत शंभर प्रतिसाद पडतील.

पामबीच_प्रवासी:
डबी ऑर्डर केली आहे. गॅरेजवाले, पैसे पाठवा.