४,२९,४९,६७,२९७ चा दुसरा अवयव मूळ आहे, हे हाताने कसं दाखवायचं?

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

२^३२ + १ = ४,२९,४९,६७,२९७. २ चा घात दर वेळी दुप्पट करत (२^१ + १, २^२ + १, २^४ + १…) जाणाऱ्या या मालिकेतल्या ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या पाचही संख्या मूळ (१ आणि स्वतः सोडून कशानेही भाग न जाणाऱ्या) आहेत, म्हणून पुढच्याही सगळ्या मूळच असणार असं गणिती फर्माला वाटत होतं. १७३२ साली गणिती ऑयलरने हिचे अवयव पाडले: ६४१ × ६७,००,४१७.

६४१ चं मला कळलंय, ते पुन्हा समजावू नका. ६४१ = ५×२^७ + १, आणि ६४१ = ५^४ + २^४ सुद्धा. पहिल्यावरून, ६४१ ने भागल्यावर ५×२^७ ची बाकी −१ (म्हणजे १ मिळवला की पूर्ण भाग जातो), चौथा घात घेतला की ५^४×२^२८ ची बाकी १. आता ५^४ च्या जागी −२^४ घाला, −२^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ + १ ला ६४१ ने भाग जातो, झालं! भागाकार करावाच लागत नाही. फार देखणं प्रकरण आहे.

अडलंय ते ६७,००,४१७ वर. संगणक क्षणात 'मूळ' म्हणून सांगतो, पण त्यात मजा नाही. वर्गमूळ २,५८८ च्या पुढेमागे, म्हणजे तीनशेहून जास्त मूळ संख्यांनी भागत बसायचं? अवयव '६४ची पट + १' अशाच रूपाचे असतात असंही वाचलं. ते का?

प्रतिसाद १
समजा, मूळ संख्या p ने तुमच्या मोठ्या संख्येला भाग जातो. मग p ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१, तर २^६४ ची १. बाकी १ पहिल्यांदा ज्या घाताला येते, त्याच्याच पटींना ती पुन्हा येते; म्हणून तो घात ६४चा भाजक, पण ३२चा नाही, म्हणजे बरोबर ६४. फर्माच्याच छोट्या प्रमेयानुसार २^(p−१) ची बाकीही १, म्हणून p−१ ला ६४ ने भाग जायलाच हवा. आपल्याच प्रमेयाने आपलाच अंदाज पाडला म्हणायचा!

पुढे लुकास या गणितज्ञाने हे आणखी आवळलं. p हा ८ची पट + १ असला की (p−१)/२ या घातालाही बाकी १च येते, म्हणून ६४ऐवजी १२८ची पट + १. ६७,००,४१७ चा प्रत्येक अवयव मोठ्या संख्येचाही अवयव, त्यामुळे नियम इथेही लागू. २,५८८ पर्यंत अशा मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, १,१५३, १,४०९. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. संपलं काम.

धागाकर्ता
वा! पाच भागाकार म्हणजे काहीच नाही. ६४१ पुन्हा का तपासायचा?

प्रतिसाद २
तो दोनदा अवयव असू शकला असता म्हणून. २५७ मात्र न भागताच गाळता येतो: ३×५×१७×२५७×६५,५३७ मध्ये २ मिळवले की तुमची मोठी संख्या (२^३२ + १) येते, म्हणजे २५७ ने भागल्यावर तिची बाकी २.