कॅडी लावला, तरी आयपी-पोर्टवरून फोटो उघडतायत

नवखा_होस्ट: मिनी पीसीवर डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे बंदिस्त कप्प्यात चालवणारी प्रणाली) इमिच हे फोटो साठवायचं अ‍ॅप चालवतोय. पुढे कॅडी हा प्रॉक्सी, म्हणजे बाहेरच्या विनंत्या घेऊन आत पोचवणारा वेब सर्व्हर ठेवला (तोही कंटेनरच), डोमेन जोडलं, एचटीटीपीएस व्यवस्थित चालतंय. यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये फक्त ८० आणि ४४३ हे पोर्ट उघडे आहेत. तरी ऑफिसमधून घरच्या आयपीपुढे :२२८३ (इमिचचा पोर्ट) टाकलं की लॉगिनचं पान येतं, तेही साध्या एचटीटीपीवर. राउटरवर २२८३ चं जुनं फॉरवर्डिंग राहिलंय, पण यूएफडब्ल्यूने अडवायला नको का? मुलीचे जन्मापासूनचे फोटो आहेत त्यात, जीव टांगणीला लागलाय.

रातपाळी: ते पॅकेट तुमच्या यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाही. कंपोज फाइलमध्ये (कंटेनरांची मांडणी लिहायची फाइल) पोर्ट्सखाली "२२८३:२२८३" लिहिलं की डॉकर आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या पॅकेट-नियमांत, स्वतःचे नियम घालतो. पॅकेट आल्या आल्या त्याचा पत्ता बदलून कंटेनरचा होतो आणि ते फॉरवर्ड साखळीतून जातं. तुमचे नियम बसलेत इनपुट साखळीत, जिथून फक्त खुद्द मशीनसाठीची पॅकेट जातात.

मला हे कळलं ते पोस्टग्रेस या डेटाबेसचा लॉग सहज उघडला तेव्हा. त्याचं ५४३२ बाहेर उघडं होतं आणि कुणीतरी रात्रभर दर दोन-तीन सेकंदांनी पासवर्ड आजमावत होतं. त्या दिवसापासून माझ्याकडे प्रॉक्सी सोडून एकाही कंटेनरला पोर्ट्सची ओळ नाही.

तुम्हीही ती ओळ काढूनच टाका. कॅडी आणि इमिच एकाच डॉकर नेटवर्कवर ठेवा, कॅडीफाइलमध्ये आयपीऐवजी कंटेनरचं नाव द्या. "१२७.०.०.१:२२८३:२२८३" असा उपायही सापडेल, पण कॅडी स्वतः कंटेनरमध्ये असल्याने त्याचा १२७.०.०.१ म्हणजे तो स्वतःच, आणि पदरात ५०२ (मागच्या सर्व्हरशी संपर्क न झाल्याचा एरर) पडेल. राउटरवरचं फॉरवर्डिंग आजच काढा. तपासणी मोबाइल डेटावरून करा, घरच्या वायफायवरून नको.

तारयंत्र: एक भर. लेट्स एन्क्रिप्टचं (एचटीटीपीएससाठीचं मोफत) प्रमाणपत्र निघालं की सबडोमेनचं नाव सार्वजनिक लॉगमध्ये जातं. त्यामुळे अवघड नाव ठेवून लपता येत नाही. डीएनएस-०१ ने (डीएनएस नोंदीतून मालकी सिद्ध करून) वाइल्डकार्ड, म्हणजे सगळ्या सबडोमेनांना चालणारं एकच प्रमाणपत्र घेतलं तर निदान वेगवेगळी नावं दिसत नाहीत. आणि फोटो फक्त घरचेच बघणार असतील तर मी वायरगार्ड हा व्हीपीएनच सुचवेन.

नवखा_होस्ट: ओळ काढली, तरी आधी ५०२ आलाच. कंपोजने नेटवर्कच्या नावाआधी प्रोजेक्टचं नाव चिकटवलं होतं, म्हणून दोघं वेगळ्याच नेटवर्कवर होते. नेटवर्क हाताने बनवून दोन्ही फाइलींत एक्स्टर्नल (आधीच बनवलेलं) लिहिलं, तेव्हा जुळलं. आता मोबाइल डेटावरून :२२८३ ला काहीच उत्तर येत नाही. वायरगार्ड रविवारी बसवतो.

रातपाळी: छान! आता डॉकर पीएस (चालू कंटेनरांची यादी) चालवून बाकीच्या कंटेनरांचा पोर्ट्सचा रकाना बघा. ०.०.०.० (म्हणजे सगळीकडून उघडं) कॅडीखेरीज कुठेही दिसायला नको.