फिकट सोनचाफा आणि पांढरा चाफा (मॅग्नोलिया अल्बा) वेगळे कसे ओळखायचे?

प्रश्न: फूल नसताना दोन्ही झाडं मला सेमच दिसतात. आणि सोनचाफ्यात क्रीम रंगाची फुलं येणारी पण झाडं असतात म्हणे, मग रंगावर तरी कसा भरवसा ठेवायचा?

झाडवेडा: रंग सोडाच. पानाचा देठ बघा. कोवळ्या पानावर जे उपपर्णाचं टोपण (पानाची कळी झाकणारं पातळ आवरण) असतं ते गळून पडलं की देठाच्या वरच्या बाजूला व्रण राहतो, सोनचाफ्यात हा व्रण बहुतेक वेळा देठाच्या अर्ध्याच्या पुढे जातो आणि अल्बात जेमतेम मध्यापर्यंत. दोनचार पानं तरी बघा, एकावर ठरवू नका, सोनचाफ्यात तो बराच कमीजास्त होतो.

रानपाखरू: +१. फूल मिळालं तर पाकळ्या मोजा ना, अल्बाच्या साधारण १० आणि अरुंद, सोनचाफ्याच्या १५ ते २०. शिवाय अल्बा संकरित आहे, सोनचाफा आणि मॅग्नोलिया मोंटाना यांचा, त्यामुळे त्याला फळं जवळपास धरतच नाहीत. झाडाखाली लालसर बिया दिसल्या तर सोनचाफाच समजा.

प्रश्नकर्ता: भारी! आणि हिमचंपा (मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोरा)?

झाडवेडा: तो तर सोपा आहे हो, त्याचं मोठ्ठं फूल फांदीच्या टोकाला येतं आणि या दोघांची पानांच्या बेचक्यात. हिमचंप्याच्या देठावर तो व्रण नसतोच, आणि पानाच्या मागे बऱ्याचदा तपकिरी लव असते.