मदत हवी आहे: नॉइजमुळे कण लवकर पळायला हवा, माझा अडकून का बसतो?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरला एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट मेटास्टेबल अवस्थांवर (वरवर स्थिर, पण कधीतरी सुटणाऱ्या) आहे आणि गेले नऊ दिवस एकाच जागी अडकले आहे. कुठे चुकतंय तेच समजून नाही राहिलं.

पोटेन्शियल (जागेनुसार कणाची ऊर्जा, म्हणजे त्याच्यासाठीचे चढउतार) साधं घेतलंय: 0.3 गुणिले एक्सचा वर्ग, वजा 0.2 गुणिले एक्सचा घन. शून्यावर खळगा, 1 वर उंचवट्याचा माथा (उंची 0.1), त्यापुढे सरळ उतार. कण मी माथ्याच्या पलीकडे, 1.2 वर सोडते आणि तो 2.2 ला किती वेळात पोचतो ते मोजते. नॉइज (कणाला बसणारे अनियमित बारीक धक्के) नसेल तर उत्तर 2 येतं, हाताने इंटिग्रेशन करूनही तेवढंच. नॉइजची तीव्रता डी 1 ठेवली तर सरासरी अडीचच्या आतबाहेर.

घोळ डी 0.01 ला होतो. इतक्या बारीक नॉइजला उत्तर 2 च्या जवळपास यायला हवं ना? पण 200 वेळा चालवलं तर सरासरी एकदा 41, एकदा 63. स्क्रीनवरचे आकडे असे: 2.1, 1.7, 2.6, 1.9, 3.4, 1000, 2.2... हा 1000 म्हणजे मी घातलेली वेळेची कमाल मर्यादा, तिथे मोजणी थांबते. ती 5000 केली तर सरासरी 270 वर गेली!

गाइड म्हणतात प्रोग्राम चुकला असणार. भौतिकशास्त्रज्ञ क्रॅमर्सच्या 1940 च्या सिद्धांतात तर नॉइज कणाला खळग्यातून बाहेर काढतो. मग इथे उलट कसं? सोमवारी सेमिनार आहे, कृपया कोणीतरी नीट बघा.

प्रतिसाद 1:
टाइम स्टेप (प्रोग्राम एका वेळी पुढे सरकतो तो काळ) लहान करून पाहिलीत का? आणि नॉइजच्या पदात 2 गुणिले डी गुणिले टाइम स्टेप, याचं वर्गमूळ घेतलंय ना? बरेच जण वर्गमूळ विसरतात.

धागाकर्ती:
हो सर, वर्गमूळ आहे. स्टेप 0.001 होती, 0.0002 करून पाहिली, तेच.

प्रतिसाद 2:
ताई, तुमचा प्रोग्राम बरोबर आहे. चुकतेय ती मर्यादा.

रविवारी संध्याकाळी बर्डीच्या मेन रोडवर दुकानातून बाहेर पडताना काय होतं आठवा. उंबरठा ओलांडून पाऊल रस्त्यावर पडलेलंच असतं, तेवढ्यात गर्दीचा एक धक्का बसतो आणि आपण परत दुकानात. आता पुन्हा निघायचं तर अख्खा उंबरठा नव्याने चढा. तुमचा कण उंबरठ्याच्या बाहेरच उभा आहे. बहुतेक वेळा तो उताराला लागतो. पण डी 0.01 ला शंभरातून साधारण पाच वेळा तो मागे, खळग्यात ढकलला जातो. आणि बारीक नॉइजला खळग्यातून सुटका फार अवघड. क्रॅमर्सच्या सूत्रात आकडे घाला: 2 गुणिले पाय (π), भागिले 0.6, गुणिले ई (e) चा 10 वा घात. सुमारे 2 लाख 30 हजार एकक वेळ! तुम्ही 1000 ला कापताय. म्हणून मर्यादा पाचपट केली की सरासरीही पाचपट होते. खरी सरासरी 11 हजारांच्या घरात आहे.

क्रॅमर्सशी भांडण काहीच नाही. कण खळग्यात सोडलात तर नॉइज त्याचं आयुष्य कमीच करेल. इथे सुरुवातच अस्थिर जागेवरून आहे, सगळा फरक तिथे पडतो.

याला नॉइजमुळे वाढलेली स्थिरता म्हणतात. 1996 साली इटलीतल्या पालेर्मोच्या मान्टेन्या आणि स्पान्योलो यांनी टनेल डायोड या इलेक्ट्रॉनिक घटकाच्या सर्किटला आवर्ती (ठरावीक काळाने तसंच बदलणारं) व्होल्टेज देऊन हे प्रयोगात दाखवलं. नॉइज वाढवत नेला तसा निसटण्याचा सरासरी वेळ आधी वाढला, मग उतरला.

आता महत्त्वाचं. मागे ढकललं जाण्याची शक्यता डी कमी होताना घसरते, पण खळग्यातला मुक्काम वाढत जातो. दोघांच्या गुणाकारात कोण जिंकतं ते सुरुवातीच्या जागेच्या ऊर्जेवर ठरतं. ती खळग्याच्या तळापेक्षा जास्त असेल तर डी शून्याकडे नेताना सरासरी अनंताकडे पळते. तुमच्या पोटेन्शियलमध्ये ही सीमा 1.5 वर आहे, कारण तिथे ऊर्जा पुन्हा शून्य होते. 1.2 त्याच्या अलीकडे, म्हणून हा गोंधळ. 1.6 वरून सोडून बघा.

सेमिनारमध्ये नुसती सरासरी दाखवू नका. मध्यक 2 च्या आसपासच आहे, तोही लिहा, आणि ठरावीक वेळानंतर किती कण अजून आत आहेत त्याचा आलेखही. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल प्रत्येकच कण थांबतो, आणि तसं मुळीच नाही.

धागाकर्ती:
सर, रात्री दोन वाजता कूलरसमोर बसून लिहितेय, पण राहवत नाही. 1.6 वरून चालवलं. नॉइज नसताना 0.6. डी 0.2 च्या आसपास सरासरी 2 च्या थोडी वर. डी 2 ला परत 0.9. मधोमध सुंदर टेकाड आलंय, आणि मर्यादा बदलली तरी ते हललं नाही!

1.2 वाले अडकलेले कणही वेगळे काढले. 200 पैकी 11. त्यातल्या एकाचा मार्ग काढून पाहिला: 1.3 पर्यंत गेला, तिथून मागे फिरला, माथ्यावर थोडा वेळ रेंगाळला आणि खळग्यात उतरला. हाच आलेख आधी गाइडना दाखवणार आहे. एकच शंका उरली: पोटेन्शियल स्वतःच हलतं ठेवलं, तर 1.5 ची ही सीमाही त्याच्यासोबत हलेल का?